चुली दोन, पंप एक

क्षितिजाची ओटी भरून झाली. पाच सवाष्णींनी ओवाळलं, हाताला धरून तिला पाटावरून उठवलं, आणि आता पुरुषांची पानं मांडायची, एवढ्यात सावळाराम उभा राहिला.

"आये, आज सगली जमलीत म्हनून बोलून टाकतू," तो म्हणाला. "पयल्या तारखेपासून पंपावरचं खातं बंद."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या ठमाबाईने थोरल्या मुलाकडे नुसतं पाहिलं. हॉलमध्ये फुलांच्या दागिन्यांचा आणि तळणीचा वास भरून राहिला होता. शेजारपाजारच्या बायका डबे घेऊन निघाल्या होत्या, त्या उंबऱ्यातच रेंगाळल्या. ठमाबाईची लेक रूपा सकाळीच शेलारहून आली होती. तिने हातातलं पाण्याचं तांब्याभांडं खाली ठेवलं.

"आजच्या दिवशी, दादा?" ती म्हणाली. "पोरीच्या केसातला गजरा तरी सुकू दे."

"मंग कवा बोलायचं? तुम्ही परत कवा जमनार? बालाच्या बारशाला?"

काल्हेरचं जुनं घर पाडून ही तीन मजली इमारत उभी राहिली, तेव्हाच चुली दोन झाल्या होत्या. पहिल्या मजल्यावर सावळाराम, दुसऱ्यावर हरेश आणि तळमजल्यावर ठमाबाई एकटी. सकाळचं जेवण तिला थोरल्याकडून यायचं, रात्रीचं धाकट्याकडून. दोघांच्या वरणाची चव वेगळी झाली होती. गणपती वेगळे बसत होते. जमिनीचे तुकडे वाटून झाले, त्यावर गोडाऊनं चढली. एकच गोष्ट वाटायची राहिली होती, अंजूरफाट्याच्या पंपावरचं खातं. तिच्या नवऱ्याने, लडकूने, दुसरा टेंपो घेतला त्या वर्षी ते उघडलं होतं. घरातली गाडी कुणाचीही असो, तेल त्या एकाच पंपावर, आणि चिठ्ठीवर नाव लडकू दौलत तरे. माणूस जाऊन किती वर्षं झाली, पण ते नाव पंपावर रोज लिहिलं जात होतं. दोघा भावांचं मिळून एक गोडाऊन मुद्दाम एकत्र ठेवलं होतं, त्याचं भाडं या खात्यात जायचं. ठमाबाईला कुणी विचारलं, की घर एकत्र आहे का हो, तर ती बेधडक हो म्हणायची. मनात तिच्या तेवढा पंपच असायचा.

"कारण तरी सांग," हरेश म्हणाला. त्याने अजून शेरवानी काढली नव्हती. आजोबा व्हायची घाई त्यालाच जास्त झाली होती.

"कारन खाली हुबं हाय. काला रंग, लांबच लांब." सावळारामने खिडकीकडे हात केला. "तुझ्या पोराला इचार, लिटरला किती देते."

विपुल क्षितिजाच्या शेजारी उभा होता. तो जरा हसला. "मोठे बाबा, तिला मायलेजवर नाही मोजत. सहा सिलेंडर आहेत. साडेचारशे घोड्यांची ताकद आहे."

"घोरे बांदलेस तर दाना लागनारच, त्याला मी न्हाय बोलत न्हाय. पन किती?"

"शहरात पाच. कधी साडेपाच."

"पाच," सावळारामने रूपाकडे बघून सांगितलं, जणू तिने विचारलं होतं. "माजा टेंपो कपऱ्याचे तागे भरून त्याच्या दुपटीनं देतो. तो निदान तागे तरी नेतो. ही काय नेते? एक मानूस आनि त्याचा गॉगल."

बायकांमध्ये हसू फुटलं. क्षितिजाही हसली, मग नवऱ्याकडे पाहून तिने हसू गिळलं.

"दादा, तू सायकलीत हवा भरताना पन हवा मोजतोस," रूपा म्हणाली. "पोराने हौसेने घेतली. आपल्या बाबांनी पहिला टेंपो घेतला तेवा आख्खा गाव नावं ठेवत होता. आयेला इचार जरा."

"बाबांचं नाव मधी आनू नको."

"का न्हाय आनू? खातं कोनाच्या नावाचं हाय?"

हरेशला आता गप्प बसवेना. "बरं, मग होऊनच जाऊ दे," तो म्हणाला. "तुझ्या गाड्या तुझ्याकडे, माझ्या माझ्याकडे. आजकाल मोबाइलवरून भरतात सगळे. चिठ्ठ्या कोण फाडतं? मला तरी सोपंच आहे."

इथे रूपा फिरली. आतापर्यंत ती धाकट्याच्या बाजूला उभी होती, ती दोन पावलं चालून थोरल्याजवळ गेली. "सोपं हाय म्हनतोस? बाबांचं नाव काढून टाकायचं तुला सोपं हाय? मंग दादाच बरोबर बोलतोय, तुम्ही लोक पेट्रोल न्हाय जालत, घर जालताय."

"अगं, बंद करतो म्हणाला तो. मी नाही."

"तू लगेच हो बोल्लास ना."

ठमाबाई ऐकत होती. तिला ठाऊक होतं, सावळाराम कंजूष असला तरी पेट्रोलच्या हिशेबासाठी चारचौघांत असं बोलणारा नाही. लहानपणी त्याला विंचू चावला तर त्याने संध्याकाळपर्यंत सांगितलं नव्हतं. काहीतरी चावलं होतं. पण इथे, या गर्दीत विचारून तो बोलणार नव्हता.

"पोरीला म्हायेरी कोन सोरनार आज?" तिने विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. सातव्या महिन्यात ओटी भरली की त्याच संध्याकाळी पोरीला माहेरी पोचवायचं, ही घराची रीत होती. क्षितिजाचं माहेर खारबावचं.

"मी सोडतो, आजी," विपुल म्हणाला.

"न्हाय. सावळ्या सोरंल. त्याच गारीतून. मी पन येते."

"मी?" सावळाराम म्हणाला. "त्या गारीला मी हात न्हाय लावनार."

"तीस वर्सं टेंपो हाकलास. ही चार चाकांचीच हाय ना? का पाच चाकं हायेत तिला?"

गाडीत बसायला खाली खाली जावं लागायचं, विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं. मागे ठमाबाई आणि क्षितिजा, पुढे विपुल, आणि चालवायला सावळाराम. त्याने चपला काढून बाहेर ठेवल्या. विपुलने त्या उचलून पायाशी घेतल्या तेव्हा म्हाताऱ्या आजीला बरं वाटलं. किल्ली कुठे लावायची हे सावळाराम शोधत राहिला. विपुलने बटण दाखवलं. इंजिन सुरू झालं तसं सावळाराम दचकला, मग त्याने कान देऊन ऐकलं. इतकी वर्षं इंजिनांबरोबर काढलेल्या माणसाला ते आवडलं होतं, हे त्याच्या मानेवरून आईला कळलं.

काल्हेरच्या नाक्यावर कंटेनर आडवा लावलेला. त्याच्या मागे ट्रक, ट्रकच्या मागे रिक्षा, आणि सगळे भोंगे वाजवणारे. सावळाराम शांत बसून राहिला. एका जागी गाडी थांबली आणि इंजिन बंद पडलं.

"परली बंद. मी बोल्लो होतो, माज्या हाताला न्हाय येनार."

विपुल स्क्रीनकडे वाकला होता. "बंद नाही पडली, मोठे बाबा. थांबली की आपोआप बंद होते. ब्रेक सोडला की परत चालू."

"तुझ्या हातात तर कधी बंद होत नाही," क्षितिजा मागून म्हणाली.

"मी स्पोर्ट मोडवर ठेवतो ना, त्यात नाही होत."

"आणि आता?"

"आता तू बसलीयस म्हणून मी निघताना साधी लावली."

"लग्नाला दोन वर्षं झाली, आज लावलीस," ती म्हणाली, आणि ठमाबाईने तिच्या गुडघ्यावर थाप मारली.

सावळारामने पायाने ब्रेक सोडून पाहिला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. इंजिन प्रत्येक वेळी निमूटपणे ऐकत होतं. "बाबा अशेच बंद करायचे," तो हलक्या आवाजात बोलला. "फाटकात, नाक्यावर. लोक हसायचे, पुना हँडल मारायला लागायचा म्हनून."

अंजूरफाट्याला तो न विचारता पंपावर वळला.

"कशाला? अर्धी टाकी आहे," विपुल म्हणाला. "मायलेज बघायचं असेल तर स्क्रीनवर येतं."

"काचेवर काय पन लिवतील. टाकी गल्यापर्यंत भरायची, जाऊन यायचं, पुना गल्यापर्यंत भरायची. मंग कलतं गारी काय खाते."

नळी बंद झाल्याचा खटका वाजला तसा सावळाराम उतरला, अनवाणीच, आणि गाडीच्या कडेला हात टेकून तिला हलवू लागला. टाकीतली हवा वर येते आणि पेट्रोलला जागा होते, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. टेंपो हलायचा. ही गाडी जड होती, जेमतेम झुलत होती. पंपावरची पोरं एकमेकांना कोपर मारून हसत होती. विपुल आधी सीटमध्ये खाली सरकला. मग दार उघडून उतरला आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. आत बसलेल्या दोघी पाळण्यात बसल्यासारख्या हलत होत्या.

"आजी, बाळ झोपेल माझं," क्षितिजा म्हणाली.

नळीतून आणखी थोडं पेट्रोल गेलं. चिठ्ठी फाडायला पोरगा वही काढणार, तेवढ्यात विपुलने मोबाइल पुढे करून पैसे भरून टाकले. सावळारामने ते पाहिलं. गाडीत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा पुन्हा दुपारसारखा झाला होता.

खारबावच्या रस्त्याला लागल्यावर ट्रक कमी झाले. दोन्ही बाजूंना अजून भातखाचरं दिसत होती, मधे मधे पत्र्याची लांब छपरं. सावळाराम असा चालवत होता, की पुढे खड्डा आहे हे ठमाबाईला तो मागे गेल्यावर कळायचं. ब्रेक दाबण्याआधी तो कितीतरी लांबून पाय उचलायचा. गाडी स्वतःच मंदावायची.

"तू पोटात होतास ना," ठमाबाई म्हणाली, "तेवा तुज्या बापानं मना असंच नेलं."

सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट होती, पण क्षितिजाने नव्हती. "कुठे, आजी?"

"ठान्याला, दवाखान्यात. तीन चाकांचा टेंपो. मागं ताग्यांवर गोधडी टाकून मना बसवायला सासू मागत होती. हे बोलले, न्हाय, पुढं बसंल, माज्या बाजूला. आनि रस्ता कसला, पावसानं खाल्लेला. मना वाटलं, हे आता पलवतील. कला येत होत्या मना. पन मानूस येवढ्या हलू चालवत गेला, येवढ्या हलू, का मी वरडायची इसरले. धक्का येक न्हाय लागला. नंतर आठ दिसांनी आले, बालाला घेतलं मांडीवर, आनि मना काय सांगतात? आपला टेंपो त्या दिवशी जेवढा चालला तेवढा कदी न्हाय चालला. तेल लागलंच न्हाय."

"बाळाला बघून हे सांगितलं?"

"हां. मी चार दिवस बोल्ले न्हाय त्यांच्याशी."

विपुल मोठ्याने हसला. सावळाराम पण हसला, नाकातून.

"तवापासून हरेक डायवरला येकच सांगायचे," तो पुढे बोलला. "बाजूला पोटुशी बाई बसलीय असं समजून चालीव. गारी आपोआप मायलेज देते. आपल्या जुन्या डायवरला, चांगदेवला इचार, त्याला पन तेच सांगून ठेवलं."

पुढे रेल्वेचा पूल आला. चढ संपला, गाडी माथ्यावर आली आणि उताराला लागली. सावळारामने पाय उचलला. आणि आवाज गेला. इंजिनाचा बारीक घरघराट, जो इतका वेळ पाठीला लागून होता, तो नाहीसा झाला. उरला टायरांचा सरसर आवाज आणि काचेला घासणारा वारा.

"आता काय झालं?" सावळाराम म्हणाला.

"काही नाही," विपुल स्क्रीन बघत म्हणाला. "उतारावर गाडी स्वतःच इंजिन बंद करते. आपण पाय उचलला की. मला पण... मी हे बघितलंच नव्हतं कधी."

कशेळीच्या पुलाच्या उतारावर लडकू असंच करायचा. माथ्यावर आला की किल्ली फिरवायचा, आणि माल भरलेला टेंपो खाडीवरच्या वाऱ्यात बिनआवाजाचा खाली उतरायचा. तेवढा वेळच दोघांना बोलता यायचं. एरवी त्या इंजिनाच्या दणदणाटात ओरडून ओरडून घसा बसायचा, म्हणून ते दिवसभराचं बोलणं उतारासाठी राखून ठेवायचे. पोरीचं लग्न शेलारला ठरवायचं, ते तिथेच ठरलं. खालच्या शेताला बांध घालायचा, तेही. एकदा तो काहीच न बोलता नुसता बसून राहिला होता आणि उतार संपत आल्यावर म्हणाला होता, तुला आज काय सांगायचं नाय का? ठमाबाईने डोळे मिटले. जर्मनीतल्या कुठल्या कारखान्यात बनलेल्या गाडीला त्याची खोड कुणी शिकवली असेल, असा वेडा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो कुणाला सांगितला नाही.

खारबावला क्षितिजाच्या आईने दारात पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. चहा झाला. निघताना क्षितिजाने विपुलला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. परत येताना ठमाबाई पुढे बसली आणि विपुल मागे.

गावाबाहेर आल्यावर तिने विचारलं, "सावळ्या, आता आपलीच मानसं हाव. काय झालं पंपावर?"

त्याने आरशातून मागे बसलेल्या विपुलकडे पाहिलं.

"गेल्या म्हैन्यात चांगदेव माल भरून गेला पंपावर," शेवटी तो म्हणाला. "मालाला त्याच दिवशी पोचायचं होतं. पंपावरचा बोल्ला, मालकानं सांगितलंय, उधारीची हद्द झाली. लडकूशेठच्या नावावर आज तेल मिलनार न्हाय. चार गिऱ्हाइकं हुबी होती तिथं. चांगदेवनं मना फोन केला. तो रडत होता, आये. बाबांनी त्याला ठेवलेला. तो बोल्ला, शेठ, तुमच्या बापाच्या नावाला न्हाय बोलले, मना ऐकायला लागलं."

ठमाबाईने पदर तोंडाशी नेला.

"त्या आठवड्यात हा तुजा नातू चार वेला भरून आला. लोनावल्याला गेलता दोस्तांबरोबर, कोनाची गारी पुढं जाते ते बघायला."

मग विपुल म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही."

"तुला काय सांगायचं? बाप हाय तुला."

"पप्पांना माहीत आहे?"

"न्हाय. कोनालाच न्हाय. त्याला कललं असतं तर तो पंपवाल्याशी भांडाया गेला असता. मंग सगल्या गावाला कललं असतं."

रेल्वेचा पूल पुन्हा आला. उतारावर इंजिन गप्प झालं.

"मग असं करू," विपुल म्हणाला. "माझी गाडी खात्यातून काढून टाका. मी माझं भरीन. खातं बंद करू नका. आजोबांचं नाव तसंच चालू दे."

पोरगा मनापासून बोलत होता, हे ठमाबाईला दिसलं, आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. भांडून बाहेर पडणारा कधीतरी भांडायला तरी परत येतो. समजुतीने बाहेर पडणाऱ्याला परत यायला निमित्त उरत नाही.

"येक गारी निंगाली का हरेशच्या बाकीच्या पन निंगतील," ती म्हणाली. "मंग त्या चिठ्ठीवर नाव ऱ्हाईल, घर न्हाय ऱ्हानार. मना नाव नको नुसतं. नाव तर माज्या हातावर पन गोंदलंय."

दोन्ही हात चाकावर ठेवून सावळाराम समोर बघत राहिला.

पंपावर दिवे लागले होते. तोच पोरगा नळी घेऊन आला आणि या लोकांना बघून आधीच हसू लागला. खटका वाजला. सावळाराम एका बाजूला आणि विपुल दुसऱ्या बाजूला गेला, कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि दोघांनी मिळून गाडी हलवली. या वेळी दोघांचा ताल जुळला होता, जड गाडी चांगली झुलली. पेट्रोल गळ्यापर्यंत आलं तेव्हा सावळारामने आकडा पाहिला, मनात भागाकार केला, आणि पुन्हा केला.

"अकराच्या वर," तो विपुलला म्हणाला. "जाऊन येऊन, पुलाचा चढ धरून."

"मला कधी सहा पण नाही मिळाले."

"तुला मिलतील. पाय हलका कर. आनि ऐक, रयवारी सकाली मी घेऊन बघतो, माळशेजच्या बाजूला. चढाला काय देते बघू."

"हं," विपुल म्हणाला. त्याने खिशातून मोबाइल काढला.

"किसके नाम पे लिखूँ, शेठ? या ऑनलाइन?" पोरग्याने विचारलं.

सावळारामने पुतण्याचा मोबाइल धरलेला हात खाली केला. "लडकू दौलत तरे," तो म्हणाला. "लिख."

"गाडी नंबर?"

सावळाराम थांबला. त्याच्या सगळ्या टेंपोंचे नंबर त्याला झोपेत विचारले असते तरी आले असते, अगदी विकून टाकलेल्यांचेसुद्धा. हा त्याने कधी पाहिला नव्हता. विपुलने सांगायला तोंड उघडलं.

"तू सांगू नको," ठमाबाई काचेतून म्हणाली. "त्याला वाचू दे."

सावळाराम गाडीच्या मागे गेला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला, पाटीवरची खारबावच्या रस्त्याची धूळ त्याने तळव्याने पुसली, आणि चष्मा नाकावर सरकवून एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागला.